पूल तेवढा देऊ नका

मामांस,

कंबर परवानगी देते तितकं वाकून नमस्कार. (उरलेला नमस्कार समोरासमोर भेटलो की पुरा करीन.) इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. ठीक नसतो तरी या दिवसांत तुम्हाला कळवलं नसतं, कारण तुम्ही चार माणसं आणि एक फोटोवाला घेऊन विचारपूस करायला आला असता. मामींचा गुडघा कसा आहे? तुमचा घसा कसा आहे? दिवसाला तीन सभा म्हणजे घशाचे हाल. कोमट पाणी पीत जा आणि शक्य असेल तिथे बोलू नका. दुसऱ्या सल्ल्याचा फायदा घशाखेरीज इतरांनाही होईल.

तुमचं पत्र मिळालं. पाकिटातून तुमचा हात जोडलेला फोटोही निघाला. मी तुम्हाला जन्मापासून बघते आहे, पण तुमचे दोन्ही तळहात एकमेकांना लागलेले पहिल्यांदाच पाहिले. बाबांनी चष्मा पुसून फोटो बराच वेळ न्याहाळला आणि काळजीने विचारलं, "ह्याने काय केलंय? माफी कसली मागतोय?" तुम्ही आमच्या वॉर्डातून उभे आहात हे त्यांना समजावून सांगितलं, तेव्हा म्हणाले, "मग बरोबर आहे. आधीच मागून ठेवलेली बरी."

पत्रात तुम्ही दोन गोष्टी लिहिल्या आहेत. एक, घरातली तिन्ही मतं तुम्हालाच मिळतील अशी तुमची खात्री आहे. दोन, पुलाच्या कोनशिलेच्या समारंभात मी विद्यमान नगरसेवकांची जी फजिती केली ती तुमच्याचसाठी मुद्दाम केली हे तुम्ही ओळखलं आहे, 'भाची असावी तर अशी', आणि शेवटच्या सभेत मी व्यासपीठावर येऊन तो किस्सा लोकांना सांगावा. मामा, तुम्हाला माहीत आहे, मी रोज डायरी लिहिते आणि तीत खोटं लिहायचं नाही हा माझा एकुलता एक नियम आहे. (बाकीचे नियम मोडून झाले.) तोच नियम मी पत्रालाही लावते. तेव्हा झालं ते जसंच्या तसं सांगते. वाचून झाल्यावरही मला व्यासपीठावर बोलवावंसं वाटलं, तर तुमची हिंमत म्हणायची.

आमच्या कारखान्याचं काम तुम्हाला ठाऊकच आहे. तुमचे जावई दगडावर अक्षरं कोरतात आणि मी त्याआधी मजकूर तपासते. दारावरच्या पाट्या असतात, गेलेल्या माणसांच्या स्मरणशिला असतात, आणि निवडणूक जवळ आली की कोनशिला. मेलेल्या माणसाबद्दल लोक दोन ओळींत आटपतात. पूल बांधणार असलेल्या माणसाला चौदा ओळी लागतात. कार्यसम्राट, लोकाभिमुख, दूरदर्शी, धडाडीचे, सर्वांचे लाडके, आणि मग कुठेतरी खाली, चिमूटभर अक्षरांत, पूल. मी तत्त्व म्हणून विशेषणं कापते. तुमचे जावई ती जशीच्या तशी परत कोरतात. शिवाय येणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याला सांगतात, "साहेब, दगड जाड घ्या. नाव टिकतं." पुढारी खूश होतो आणि वीतभर जाडीचा काळा दगड मागवतो. याला मी धंद्याचा लोभ म्हणते. डायरीत तसं अनेकदा लिहिलंही आहे. (माझी डायरी जेवणाच्या टेबलावरच असते, त्यामुळे ते त्यांनी वाचलंही असेल. सुधारणा मात्र नाही.)

आता पूल. कारखान्याच्या मागून जो ओढा जातो त्याच्या पलीकडच्या काठावर बाबांचे मित्र घड्याळजी राहतात. पूर्वी मधे लाकडी साकव होता. तो मोडला. तेव्हापासून पलीकडे जायचं तर हमरस्त्याने वळसा घालून दोन बस बदलाव्या लागतात, आणि बाबांचे गुडघे एका बसलाच राजी नसतात. घड्याळजींना तर काठीशिवाय दारही गाठता येत नाही. म्हणून दोघं आपापल्या काठावर खुर्ची टाकून, आपापला पट मांडून बुद्धिबळ खेळतात आणि चाली ओरडून सांगतात. अडचण एवढीच, की एकमेकांचा पट एकमेकांना दिसत नाही. बाबांचा पक्का संशय आहे की घड्याळजी मेलेला वजीर हळूच परत उभा करतात. घड्याळजींचा बाबांच्या हत्तीबद्दल असाच काहीसा संशय आहे. वरवर हसण्यासारखंच आहे सगळं. पण आई गेल्यापासून बाबा मनापासून बोलतात ते एका घड्याळजींशीच. माझ्याशी बोलतात, पण मी ताट वाढते म्हणून. गेल्या हिवाळ्यात घड्याळजी आजारी पडले तेव्हा बाबा आठवडाभर या काठावर एकटेच पट मांडून बसायचे आणि दोन्ही बाजूंच्या चाली स्वतःच ओरडायचे. मला ते ऐकवेना.

तुम्ही म्हणाल, एक फळी टाका की. टाकली होती. तुमच्या जावयांनीच टाकली. नगरपालिकेचा माणूस येऊन ती उचलून घेऊन गेला, कारण ते 'नियोजित पुलाच्या जागेवरील अनधिकृत बांधकाम' होतं. मग त्यांनी साधे दगड टाकले. तेही उचलले. होणाऱ्या पुलाची इतकी काळजी मी आजवर पाहिली नाही. झालेल्या पुलांची कोणी इतकी घेत नाही. त्या दिवशी मी प्रतिज्ञा केली, की पूल होईपर्यंत त्या ओढ्याकडे ढुंकूनही बघणार नाही. काठ उतरून खाली जाणं तर सोडाच, मागची खिडकीसुद्धा बंद करून टाकली. समारंभांना जावं लागतं, पण तिथे मी दगडाकडेच बघते. आज इतकी वर्षं ती प्रतिज्ञा मी पाळते आहे. (आपल्या वॉर्डात पाळलेलं हे एकमेव वचन असावं.)

दर निवडणुकीला पुलाची एक कोनशिला बसते. आमच्याकडे निवडून न आलेले लोकही आधीच बसवून घेतात, कारण निवडून आल्यावर वेळ मिळत नाही. मग निकाल लागतो आणि दगड नाहीसा होतो. कोण नेतं कळत नाही आणि कोणी विचारतही नाही. हरलेल्याला तोंड दाखवायचं नसतं, आणि जिंकलेल्याला तर त्याहून नसतं. माझा अंदाज असा, की पुरावा नको म्हणून तेच आपापला दगड उचलून नेत असावेत. आणि बाबा? प्रत्येक दगडाला बाबांच्या मनात नवी पालवी फुटते. समारंभाला पुढच्या रांगेत बसतात, दगडाला हात लावून बघतात, आणि मतदानाला सगळ्यांच्या आधी हजर. निकालाच्या दिवशी अख्खी वस्ती मतमोजणीकडे डोळे लावून बसते, मीही टीव्हीसमोर बसते, आणि बाबा गुपचूप ओढ्याकडे जातात. संध्याकाळी परततात ते पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, हाताला चिखल, धाप लागलेली. तुमचे जावई त्यांना आणायला गेलेले असतात, तेही तसेच बरबटलेले. मी काही विचारत नाही. गरम पाणी काढते. माणसाच्या निराशेला प्रश्न विचारू नयेत.

आता फजिती. आचारसंहिता लागायला दोन दिवस उरले असताना विद्यमान धावत आले. दगड हवा, परवा हवा. एवढ्या मापाचा दगड कारखान्यात एकच होता. मागच्या खेपेला माजी नगरसेवकांनी याच पुलासाठी कोरून घेतलेला. अनावरणाच्या आदल्या दिवशी पक्षाने त्यांचं तिकीट कापलं आणि ते दगड न्यायला आलेच नाहीत. तुमचे जावई वाकडा खिळासुद्धा टाकत नाहीत. त्यांनी तो दगड उलटा केला, मागची बाजू घासून गुळगुळीत केली आणि तिच्यावर विद्यमानांचा मजकूर कोरला. म्हणजे एकाच दगडाच्या दोन बाजूंना दोन नेते, दोघांचा पूल तोच, आणि (मी स्वतः तपासलं आहे) नाव सोडून मजकूरही तोच. विद्यमानांचे लोक तो माजींच्या पत्रकावरूनच उतरवून घेऊन आले होते. स्वल्पविरामही चुकीच्या त्याच जागी. दर्शनी बाजू कळावी म्हणून जावयांनी खडूने तिच्यावर एक बाण काढला होता. निघण्याआधी मला तो बाण गबाळा दिसला. मी ओल्या फडक्याने स्वच्छ पुसून टाकला.

समारंभाच्या जागी दगड उभा करताना माणसांनी मला हाक मारली, "बाई, कुठली बाजू पुढे?" मी सभेच्या पत्रिकेतली अशुद्धं मोजत होते. मान वर न करता म्हणाले, "ज्या बाजूला मजकूर आहे ती." त्यांनी बघितलं, मजकूर होता, त्यांनी ती बाजू पुढे केली. वर मखमली पडदा पडला.

विद्यमान बोलायला उभे राहिले. त्यांच्यामागे छत्री धरून एक माणूस असतो. आकाश निरभ्र होतं तरी होता. विद्यमान म्हणाले, बदल होणार. हा 'बदल' मी पहिल्या मतदानापासून ऐकते आहे, आणि झालेलाही पाहिला आहे. गळ्यातल्या पट्ट्यांचा रंग बदलला, गाड्या बदलल्या, आणि विद्यमानांनी स्वतः तीनदा पक्ष बदलला. ते 'हा पूल दोन्ही काठांची मनं' इथवर आले, तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "हत्ती घेतला!" बाबा पुढच्या रांगेतून, मांडीवर पट ठेवून, "नीट बघ, तिथे माझा घोडा आहे!" विद्यमान थांबले. छत्रीवाला काठावर धावत गेला आणि हात जोडून म्हणाला, "आजोबा, साहेब बोलतायत." घड्याळजी म्हणाले, "बोलू दे की. मी कुठे त्यांना चाल विचारली?"

पडदा बाजूला झाला. टाळ्या वाजल्या. (टाळ्यांना वाचता येत नाही.) विद्यमान लोकांकडे तोंड करून मजकूर तोंडपाठ म्हणत होते आणि लोक दगडावर बोट धरल्यासारखे मागोमाग वाचत होते, सगळं अगदी जुळत होतं, आणि मग नावाशी येऊन शंभर माणसं एका वेळी अडखळली. छत्रीवाल्याने कानाशी लागून काहीतरी सांगितलं. विद्यमानांनी वळून दगड वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाले, "मजकूर तर बरोबर आहे." "नाव, साहेब." "नावाला काय झालंय?" आणि मग दिसलं. माझ्या मागे आमची शेजारीण उभी होती, तिने मला कोपराने ढोसून विचारलं, "म्हणजे आता पूल कोण नाही बांधणार? हा का तो?"

मग सहा जणांनी दगड फिरवला. त्यामुळे माजींचं नाव ओढ्याकडे झालं, आणि ते घड्याळजींनी पलीकडून मोठ्याने वाचून सगळ्यांना सांगितलं. एका दगडात दोन्ही काठांची उद्घाटनं झाली. दुसऱ्या दिवशी विद्यमान कारखान्यात आले. मला वाटलं, आता ओरडतील. ते खुर्चीत बसले, पाणी प्याले आणि समजुतीने म्हणाले, "चूक कुणाचीही होते, बाई. फक्त पुढच्या वेळी दोन्ही बाजूंना मीच असू द्या."

तर मामा, हे मुद्दाम नव्हतं. निदान दिवसभर मी तसंच समजत होते. डायरी लिहायला बसले तेव्हा हात अडखळला. दगडाला दोन बाजू आहेत हे मला माहीत होतं. बाण मीच पुसला. मग ती एक गोष्ट नेमकी त्याच क्षणी माझ्या डोक्यातून गेली, की मी तिला जाऊ दिलं? मी दोन पानं लिहिली आणि निकाल लागला नाही. एक मात्र नक्की. मी काही केलं असेलच तर ते त्यांच्याविरुद्ध केलं, तुमच्यासाठी नाही. या दोहोंमधला फरक तुम्हाला कळणार नाही, कारण तुम्ही उभे आहात. बसलेल्या माणसालाच तो कळतो.

तुम्ही वाईट नाही, मामा. तुम्ही मला सायकल शिकवलीत. (मागून धरलंय म्हणालात आणि कधीच सोडून दिलं होतंत. तेव्हाच तुमचे गुण ओळखायला हवे होते.) पण तुम्ही निवडून आल्याने काही बदलेल असं मला वाटत नाही, आणि न वाटता वाटतं म्हणणं मला जमत नाही. तुमचं जाहीरनाम्याचं पत्रक वाचलं. रोजगार, रस्ते, पाणी, पारदर्शक कारभार. पारदर्शक तो आहेच. आरपार दिसतं, आत काहीच नाही. तरीही तुम्हाला मत देईन का? कदाचित देईन. कारण दुसऱ्यांचा राग करायला मला फार श्रम पडतात. तुमचा घरबसल्या करता येईल.

फक्त एक मागणं आहे, आणि हे पत्र खरं तर त्यासाठीच लिहिलं. तुम्हाला हवं ते वचन द्या. विमानतळ द्या. समुद्र द्या. ओढ्याला बंदर द्या. पण पूल तेवढा देऊ नका. बाबा आता थकले आहेत. आणखी एका दगडासमोर नवा शर्ट घालून बसलेले आणि निकालाच्या दिवशी ओढ्यावरून भिजून आलेले बाबा मला बघवणार नाहीत. बाकीच्यांनी फसवलं तर ते परके होते. आईच्या भावाने फसवू नये.

मामींना नमस्कार. गुडघ्याला शेक द्यायला सांगा.

तुमची,
(व्यासपीठावर न येणारी) भाची

ता. क. — पत्र पाकिटात घालण्याआधी ते बाबांना वाचून दाखवणं मला प्रामाणिकपणाचं वाटलं. 'निराशेला प्रश्न विचारू नयेत' या वाक्याला बाबा हसायला लागले. मला वाटलं, रडतायत. पाठीवरून हात फिरवला. तेवढ्यात तुमचे जावई छिन्नी हातात घेऊनच दारात आले आणि तेही हसायला लागले. मग बाबा म्हणाले, "चल, चप्पल घाल." माझी प्रतिज्ञा मोडवून दोघांनी मला काठाखाली नेलं. झुडपांच्या आड, वळणावर, ओढ्यात या काठापासून जवळजवळ पलीकडच्या काठापर्यंत आजवरच्या सगळ्या कोनशिला पाऊल-पाऊल अंतरावर आडव्या बसवलेल्या आहेत. दर निकालाच्या दिवशी, सगळ्यांची तोंडं मतमोजणीकडे असताना, एक. मी पहिल्या दगडावर पाय ठेवला आणि तो 'कार्यसम्राट'वर पडला. अक्षरं वरच्या बाजूला ठेवली आहेत, म्हणजे पाय घसरत नाही. बाबा म्हणाले, विशेषणं जितकी जास्त तितकी पकड चांगली, तू उगाच कापत होतीस. नगरपालिकेचा माणूस हेही उचलायला आला होता म्हणे. त्याने प्रत्येक नाव वाचलं, यातलं कोण पुन्हा निवडून येईल याचा थोडा विचार केला, आणि परत गेला. मला इतकी वर्षं का सांगितलं नाही, असं मी विचारलं. बाबा म्हणाले, "तू सगळं डायरीत लिहितेस आणि डायरी टेबलावर ठेवतेस. पुढारी आपल्याकडे पाणी प्यायला येतात."

बाबा आजवर एकाही पुढाऱ्यावर विश्वास ठेवून मत द्यायला गेले नव्हते. वाईट वाटून घेऊ नका. मला तुमच्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. घरात शंकेखोर म्हणून माझंच नाव होतं.

ता. क. २ — तेव्हा वरची विनंती रद्द समजावी. कृपा करून पुलाचं वचन द्याच, आणि कोनशिला लवकरात लवकर बसवा. (आचारसंहितेची भीती खुर्चीत असलेल्यांना, तुम्ही अजून कोणी नाही.) विद्यमानांचा (आणि माजींचा) दगड निकालाच्या दिवशी खाली जाईल. त्यानंतर घड्याळजींच्या काठाशी एकाच पावलाची जागा उरते. दगड वीतभर जाड हवा, मापं जावई कळवतील. मजकुरासाठी तुमची असतील नसतील ती सगळी विशेषणं पाठवा. कमी पडली तर मी घालीन. एकही कापणार नाही. आणि चुकून निवडून आलात, तर पुलाचं काम मात्र काढू नका. ओढा अडवतील आणि सगळ्यात आधी आपले दगड उचलतील.

ता. क. ३ — घरातली तिन्ही मतं तुमची. बाबांचा निरोप त्यांच्याच शब्दांत देते: "घड्याळजीला अजून काही कळवू नकोस, मला त्याचा पट अचानक जाऊन बघायचाय. आणि तुझ्या मामाला म्हणावं, शेवटचं पाऊल मी तुझ्या नावावर टाकणार आहे. दगड हलणारा देऊ नकोस."